प्रत्येक पातेलं आईनं चाखलेलं

सगळी गल्ली तिला पाठीमागे ‘ठसका’ म्हणायची. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. तोंडावर ती ताई होती, चादरी धुणाऱ्या माणसापासून लॉजच्या मालकापर्यंत सगळ्यांची ताई, आणि मालकसुद्धा तिच्याशी बोलण्याआधी घसा साफ करून घ्यायचा. लग्न तिनं केलं नव्हतं. का नाही केलं, हे एका दूरच्या मामांनी एकदा विचारलं होतं. पुढे ते मामा तिच्या घरी जेवायला आले नाहीत.

लॉज पहिल्या मजल्यावर होता. खाली चपलांचं दुकान, बाजूनं अरुंद जिना, आणि जिना संपला की माणूस बॅगेसकट सरळ तिच्या काउंटरवर येऊन आदळायचा. काउंटरमागे किल्ल्यांची लाकडी फळी, भिंतीवर फक्त तिच्याच दिशेनं वारा देणारा पंखा आणि खुर्चीत एक चपटी झालेली उशी. त्या उशीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. या खुर्चीत बसून तिनं वर्षानुवर्षं एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. “जवळपास जेवायला चांगलं कुठे मिळेल? फार महाग नको, पण अगदी साधंही नको.”

हा प्रश्न आला की तिच्या नाकपुड्या फुलायच्या. राग विचारणाऱ्याचा नसायचा. राग होता तो या प्रश्नावर पोट जाळणाऱ्यांचा. शहराचा हा भाग प्रवाशांत नावाजलेला, रस्त्याच्या दोन्ही अंगांना हॉटेलंच हॉटेलं, प्रत्येकाच्या दारात बाही धरून आत ओढणारा एक माणूस आणि जेवणाचे चकचकीत फोटो. ठसकाताईचं म्हणणं असं, की महागड्या हॉटेलला नावाची भीती असते. स्वस्तातल्या खानावळीला रोजच्या गिऱ्हाइकांची भीती असते, कारण भात कच्चा राहिला तर तेच लोक दुसऱ्या दिवशी येऊन आईबहीण काढतात. मधल्या दराच्या हॉटेलाला मात्र इथे कुणाच्या बापाची भीती नाही. त्याचं गिऱ्हाईक उद्या गाडीत बसून आपल्या गावाला जाणार. परत येऊन तोंडावर कोण सांगणार, की तुझा मासा शिळा होता?

“परत न येणाऱ्या माणसाला फसवायचं म्हणजे झोपलेल्याचा खिसा कापण्यासारखं आहे,” ती म्हणायची. “आणि हे लेकाचे त्याला धंदा म्हणतात!”

म्हणून परत न येणाऱ्यांच्या वतीनं ती स्वतः जायची. दुपारी तीनच्या सुमाराला, जेव्हा आचारी पेंगुळलेला असतो, वाढपी पाय पसरून बसलेले असतात आणि सकाळचं उरलेलं संपवायची सगळ्यांना घाई असते, तेव्हा ती न कळवता जाऊन बसायची. यादीच्या मधोमध असलेला कुठलाही पदार्थ मागवायची. यादीतला पहिला पदार्थ सगळेच नीट करतात, शेवटचा कुणी मागवत नाही. खरा तो मधला. तो तीन वाजता चांगला निघाला तरच त्या हॉटेलचं नाव तिच्या तोंडून बाहेर पडायचं.

आणि तिचा दुसरा नियम अधिक कडक होता. पाहुणे जेवून आले की किल्ली मागायचे. ती किल्ली हातात धरून ठेवायची. “आधी जेवण कसं होतं ते सांगा.” कुणी नुसतंच “छान” म्हटलं तर, “छान म्हणजे काय? काय खाल्लं? गरम होतं? पोट भरलं?” दमलेल्या माणसांना जिन्याच्या तोंडाशी उभं करून अशी उलटतपासणी करणं बरं नव्हे, असं मालकानं एकदा घसा साफ करून सुचवलं होतं. तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. नियम चालू राहिला. ज्याच्याबद्दल दोनदा वाईट ऐकलं त्या हॉटेलात ती स्वतः जाऊन मालकाला भर गल्ल्यावर झापून यायची, आणि पुढे तिथे एक माणूस जाणार नाही याची सोय करायची.

अशा या बाईच्या सख्ख्या धाकट्या भावानं त्याच भागात, तीन गल्ल्या सोडून, मधल्या दराचं हॉटेल काढलं.

धाकटा तिच्या अगदी उलट. कुणाला दुखवणं त्याला जमायचंच नाही. लहानपणी मांजरानं ताटातला मासा पळवला तरी हा त्याला शुक् म्हणायचा नाही. पण स्वयंपाकाची जाण होती, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आई होती. आईच्या जिभेचा आसपासच्या चार घरांत दबदबा होता. शेजारच्या बायका वाटीत रस्सा घेऊन यायच्या, “काय कमी आहे बघा हो.” आई बोट बुडवून सांगायची, आणि तेवढंच कमी असायचं. म्हणून धाकट्यानं हॉटेलची पाटी रंगवून घेतली तेव्हा खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘प्रत्येक पातेलं आईनं चाखलेलं’. आणि ते खरंच तसं होतं. सकाळ-संध्याकाळ आई पदर खोचून स्वयंपाकघरात उभी राहायची, आचारी एकेक पातेलं पुढे करायचा, आई चमच्यानं चाखायची, मान हलवली की ते बाहेर जायचं. तिनं मान हलवेपर्यंत बाहेर मंत्री बसलेला असला तरी त्याला वाढायचं नाही, असा हुकूम होता.

सुरुवातीला ठसकाताईनं तिथे तीन वाजता जाऊन मधला पदार्थ खाल्ला होता आणि ती चुपचाप परत येऊन पाहुणे पाठवायला लागली होती. सगळं सुरळीत चाललं. मग थंडीत आईला मोठा ताप आला. पंधरवडाभर ती अंथरुणाला खिळली, मग उठली, पुन्हा पदर खोचून स्वयंपाकघरात उभी राहिली. त्यानंतर हॉटेलचं जेवण बिघडलं.

बिघडलं म्हणजे खारट झालं. एखाद्या दिवशी नव्हे, रोज. पाहुणे किल्ली मागताना नाक मुरडायला लागले. ती स्वतः जाऊन आली. रस्सा तोंडात घेतला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवा आचारी ठेवलेला, त्याचंच हे काम, याबद्दल तिला शंकाच नव्हती. आई तेव्हा टेबलाशी येऊन उभी होती, तापानं उतरलेला चेहरा, हात पदराला पुसत. “कसं झालंय गं?” तिनं विचारलं. ठसकाताईनं घास गिळला आणि ती म्हणाली, “छान झालंय, आई.” आजारातून उठलेल्या म्हातारीला आचाऱ्याच्या कागाळ्या कशाला सांगायच्या? ते भावाशी बोलू. वर पाण्याचा अख्खा ग्लास पिऊन ती निघाली, आणि त्या दिवसापासून तिनं भावाकडे एकही पाहुणा पाठवला नाही.

भावाशी ती बोलली, म्हणजे ओरडली. “आचारी बदल.” तो म्हणाला, “बघतो.” आठवड्यानं पुन्हा ओरडली. तो म्हणाला, “आचाऱ्याचा दोष नाही गं.” “मग काय समुद्राचा दोष आहे?” त्यावर त्यानं मान खाली घातली. हा असा मूग गिळून बसला की तिचं डोकं आणखीनच फिरायचं.

मग एका सकाळी तो स्वतः लॉजचा जिना चढून आला. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. जागेच्या मालकानं सांगितलं होतं, की धंदा असाच राहिला तर महिनाअखेर जागा सोडा, मोबाइलचं दुकान काढायला माणूस तयार आहे.

“ताई, तुझ्या लॉजवर रोज इतकी माणसं येतात,” तो म्हणाला. “परक्यांच्या हॉटेलात पाठवतेस. मी सख्खा भाऊ.”

“म्हणून काय लोकांच्या घशाखाली मीठ ओतू?”

“महिनाभर पाठव. तेवढ्यात काहीतरी करतो.”

“काय करशील? आचारी बदलशील?”

तो चुकीच्या काजातलं बटण सोडवू लागला.

“हे बघ,” तिचा आवाज चढला, तशी बाजूच्या खोलीचं दार किलकिलं झालं आणि लगेच बंद झालं. “लोक माझ्या शब्दावर जातात. त्यांना ना तुझं तोंड माहीत ना आपली आई. ते माझ्यावर भरवसा ठेवतात. तुझं पोट जळतंय म्हणून मी त्यांचा भरवसा विकायचा? तू काय समजलास मला, त्या दारात उभं राहून बाही ओढणाऱ्यांतली?”

“तू कधी कुणाचं ऐकलंस का,” एवढंच म्हणून तो जिना उतरला. लहानपणापासून त्याची हीच पद्धत, नेमक्या वेळी रडवेलं तोंड करायचं आणि समोरच्याला राक्षस ठरवायचं. ती खुर्चीत बसून दुपारपर्यंत धुमसत राहिली. चहावाल्यालाही दोन शब्द विनाकारण ऐकावे लागले.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. आई फोनवर कधी विनंती करायची नाही, त्या दिवशी केली. “आज कुणालातरी पाठव गं. दोनच माणसं पाठव. मी स्वतः सगळं बघते. रिकामी टेबलं बघून तो जेवत नाही.”

हा शब्द मोडायची ताकद तिच्यात नव्हती. त्या संध्याकाळी एक शिक्षक आणि त्याची बायको जेवायचं विचारायला आले. सुट्टीवर निघालेली साधी माणसं, शहरात पहिल्यांदाच. बायकोच्या हातात फोन, त्यात कुठल्या हॉटेलला किती तारे याची रांग. ठसकाताईनं फोन बाजूला ठेवायला लावला आणि भावाच्या हॉटेलचा पत्ता सांगितला. सांगताना तिनं किल्ल्यांच्या फळीकडे तोंड केलं होतं.

ती दोघं परतली ती जिन्यातूनच पाणी मागत. बायको काउंटरवरचा तांब्या उचलून घटाघटा प्यायली, मग नवऱ्यानं उरलेलं संपवलं.

“कसं होतं?” किल्ली हातात धरून ठसकाताईनं विचारलं.

“छान होतं,” शिक्षक म्हणाला.

“फारच छान,” बायको म्हणाली आणि आणखी पाणी मिळेल का ते बघू लागली.

मग मात्र ठसकाताईचा तोल गेला. “खोटं का बोलताय? तांब्या रिकामा केलात माझ्यासमोर! शाळेत पोरांना हेच शिकवता का? पैसे मोजून वाईट जेवलात, आणि वर छान म्हणताय. तुम्ही असे छान छान करत निघून जाता म्हणून ही हॉटेलं माजतात!”

शिक्षक बिचारा जागीच थिजला. बायको मात्र थिजणाऱ्यांतली नव्हती. “अहो, कसं सांगणार?” ती उलट चिडून म्हणाली. “त्या आजी टेबलापाशी उभ्या होत्या. घास घेतला की विचारायच्या, मीठ बरोबर आहे ना? कमी असेल तर सांगा, हल्लीच्या मिठात दम नाही. त्यांच्या तोंडाकडे बघून तुम्हाला तरी सांगवलं असतं का?”

ठसकाताईनं किल्ली काउंटरवर ठेवली. ती दोघं खोलीत गेली तरी ती तशीच उभी होती. हल्लीच्या मिठात दम नाही.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ती गेली, पण पुढच्या दारानं नाही. हॉटेलच्या मागे कचऱ्याच्या पिंपांची अरुंद बोळ होती आणि बोळीत स्वयंपाकघराची जाळीची खिडकी. ती खिडकीशी उभी राहिली. आत आचारी संध्याकाळचं पहिलं पातेलं पुढे करत होता. आईनं चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले, बराच वेळ तोंड हलवत राहिली, मग म्हणाली, “पाणचट आहे रे. घाल अजून.” आचाऱ्यानं दाराशी उभ्या असलेल्या धाकट्याकडे बघितलं. धाकट्यानं डोळ्यांनीच घाल म्हणून सांगितलं. आचाऱ्यानं मूठभर मीठ घातलं. आईनं पुन्हा चाखलं, थोडा वेळ वाट बघितली, आणि मान हलवली.

ठसकाताईनं भावाला बोळीत बोलावलं. तो बाहेर आला आणि तिचं तोंड बघूनच त्याला कळलं.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“तापापासून. तिला चव लागत नाही, ताई. वासही येत नाही. परवा दूध करपलं, ती शेजारी उभी होती.”

“आणि तुला माहीत होतं.”

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि तू तिच्या हातात चमचा ठेवलास? लोकांना रोज खारट खायला घातलंस, धंदा बुडवलास, जागा जायची वेळ आणलीस, पण तुझं तोंड उघडलं नाही?”

“सकाळी पाचला उठते ती,” तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज बहिणीच्या आवाजाइतका चढला. “या पातेल्यांसाठी उठते! चमचा काढून घेतला तर उद्या ती कशासाठी उठेल, सांग ना! तू सांगून टाक, तू मोठी खरं बोलणारी. मी चार महिने झोपलो नाही. आचाऱ्यानं आधी मागच्या मागे मीठ कमी करून बघितलं, तिनं पातेल्यापाशीच उभं राहायला सुरुवात केली. काय करू मी? आईला सांगू, की तुझी जीभ मेली?”

“हो! सांगायचं! तेच सांगायचं!”

जाळीच्या खिडकीमागे कुणीतरी उभं होतं. दोघांनाही एकदमच दिसलं.

आई बाहेर आली. चालताना तिनं भिंतीला हात लावला नाही. ती दोघांकडे न बघता आत वळून आचाऱ्याला म्हणाली, “दोन वाट्यांत पाणी आण. एकीत मीठ घाल. कुठल्या ते मला सांगू नकोस.”

“आई, राहू दे,” धाकटा म्हणाला.

“गप्प बस.”

आचाऱ्यानं वाट्या आणल्या. आईनं एक तोंडाला लावली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. कचऱ्याच्या पिंपांवर माश्या घोंघावत होत्या आणि ती बाई, जिच्याकडे शेजारणी वाट्या घेऊन यायच्या, तिथे उभी राहून पाणी पीत होती. शेवटी तिनं दोन्ही वाट्या पिंपाच्या झाकणावर ठेवल्या.

“मला वाटलं मीठच बदललंय,” ती म्हणाली. “म्हणून मी प्रत्येकाला विचारत होते. आचाऱ्याला विचारलं, याला विचारलं, जेवायला आलेल्या प्रत्येकाला विचारलं. सगळे म्हणाले, बरोबर आहे.” मग तिचा आवाज फाटला, रडण्यानं नव्हे, रागानं. “मी काय वेडी आहे? मला तान्हं मूल समजलात? माझ्या हातानं लोकांचं जेवण नासवत ठेवलंत, आणि मी रोज संध्याकाळी देवासमोर म्हणत होते, की पोराच्या धंद्याला कुणाची नजर लागली! माझीच लागली होती!”

धाकटा रडायला लागला. आई त्याच्याकडे वळलीही नाही. ती लेकीकडे वळली.

“त्याचं एक सोड. तो पहिल्यापासून तसाच आहे. पण तू? परक्या माणसांना अडवून खरं काढून घेतेस. मी तुझ्या टेबलाशी उभी राहून विचारलं होतं, कसं झालंय. काय म्हणालीस?”

ज्या बाईनं अर्ध्या शहराच्या हॉटेलवाल्यांना भर गल्ल्यावर झापलं होतं, ती पिंपाच्या झाकणावरच्या वाट्यांकडे बघू लागली.

“छान म्हणालीस,” आई म्हणाली. तिनं खोचलेला पदर सोडला, आचाऱ्याला म्हणाली, “आजचं सगळं ओतून दे. नवीन कर. तुझ्या जिभेनं कर,” आणि आत जाऊन पुढच्या दारानं बाहेर पडून घराच्या दिशेनं चालू लागली. धाकटा मागे धावला. तिनं हातानंच त्याला परत पाठवलं.

संध्याकाळी ठसकाताई काउंटरवर बसली होती. एक म्हातारा-म्हातारी आणि त्यांची सून असे तिघं आले, तोच प्रश्न घेऊन. फार महाग नको, अगदी साधंही नको. तिनं भावाच्या हॉटेलचा पत्ता सांगितला. सांगताना तिचा आवाज इतका कोरडा होता, की सुनेनं विचारलं, “नक्की चांगलं आहे ना?” “मला माहीत नाही,” ती म्हणाली. एवढ्या वर्षांत हे तिनं पहिल्यांदाच म्हटलं. “जाऊन या आणि मला सांगा.”

ती तिघं हसत परत आली. न विचारता सांगू लागली. रस्सा काय सुरेख, मासे किती ताजे, म्हाताऱ्यानं दोनदा भात घेतला, मीठमसाला कसा अगदी नेमका. म्हातारी म्हणाली, किती दिवसांनी असं घरच्यासारखं जेवलो. पाण्याला कुणी हात लावला नाही. त्यांचं प्रत्येक अक्षर खरं होतं, आणि प्रत्येक अक्षरागणिक ठसकाताईच्या अंगाचा तिळपापड होत होता. त्या तिघांनी काही चुकीचं केलं नव्हतं. तरी त्यांना जिन्यावरून खाली ढकलून द्यावं असं तिला वाटलं.

ती तिघं खोलीत गेली आणि फोन वाजला. आई होती. मागे घरातला एकही आवाज नव्हता.

“कुणाला पाठवलंस का आज?”

“पाठवलं.”

“काय म्हणाले?”

ठसकाताईनं डोळे मिटले. “छान म्हणाले, आई.”

“खारट नव्हतं?”

“नव्हतं.”

“कमी पडलं होतं का थोडं? काही कमी होतं का?”

आईच्या आवाजात आशा होती. ती ऐकून ठसकाताईला सगळ्यांचा राग आला, तापाचा, भावाचा, त्या तीन पोटभर जेवलेल्या माणसांचा, स्वतःचा. एक खोटा शब्द पुरला असता.

“नाही, आई,” ती म्हणाली. “काहीच कमी नव्हतं.”

पलीकडे आईनं फोन ठेवला.